सालईची फळी

कुणी लाकडी खुर्ची पुढे केली की माझं नाक आधी खाली जातं, मग मी बसते. माणसं चमकून पाहतात. नणंदेनं तर एकदा चारचौघांत विचारलं, "काय हो वहिनी, ढेकूण दिसले का?" आता तिला काय सांगणार! ही खोड माझी नाही, आमच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांची आहे. सर आता पुण्याला लेकीकडे राहतात. खोड मात्र बुलढाण्यात माझ्यापाशी ठेवून गेले.

पोरं त्यांना 'हुंग्या सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. धाड गावाहून पहाटेच्या एसटीनं येणारी पोरं पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायची. सर त्यांना ओरडत नसत. झोपलेल्या पोराच्या कानाशी वाकून ते बाक हुंगत आणि विचारत, "कशाचा वास येऊन राह्यला बे?"

पोरगं दचकून उठायचं. "कशाचाच नाही सर."

"मंग झोप. नाकच झोपलं आहे तं बाकीचा जागून काय करशीन!"

प्रयोगशाळेत त्यांचा नियम कडक होता. परीक्षानळी नाकाशी न्यायची नाही, हातानं हलका वारा घेऊन वास पाहायचा. एखाद्यानं नळीत नाक घातलं की त्याला दिवसभर बाहेर उभं करायचे. स्वतः मात्र दार दिसलं की दाराला, पाट दिसला की पाटाला थेट नाक टेकवायचे. खिशात पेन असो नसो, पेन्सिल तासायचा छोटा चाकू असायचाच. लाकडाचा कोपरा त्यानं जरासा खरवडायचा, डोळे मिटायचे आणि हुंगायचं. प्राचार्यांच्या नव्या खुर्चीचा हातही त्यांनी असाच, पाहुणे समोर बसलेले असताना खरवडला होता. प्राचार्य महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. "वरून सगळं सारखंच असते, खरवडून पाहा," हे त्यांचं वाक्य लाकडाला लागू होतं, वर्तमानपत्रातल्या बातमीला होतं आणि प्राचार्यांच्या भाषणालाही होतं.

मी मराठी शिकवायला रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी हा उंच, पाठीत वाकलेला माणूस माझ्या टेबलाशी आला, माझी पर्स बाजूला सरकवली आणि टेबलावर नाक टेकवलं. मी उठून उभीच राहिले.

"निंबाचं आहे," ते म्हणाले. "डबा यावर उघडा नका ठेवू मॅडम. पोळीले वास लागते."

पोळीला कसलाही वास लागला नाही. मी मुद्दाम रोज डबा उघडा ठेवून पाहिला. तसा माझा स्वभाव पहिल्यापासून वाकडाच. कुणी काही सांगितलं की ते खोटं ठरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सरांना बहुधा तेच आवडलं असावं, कारण स्टाफरूममधल्या बाकीच्यांना सोडून ते मलाच सगळं ऐकवायचे.

"वास म्हणजे काय मॅडम? लाकूड तुमच्या नाकात येते. खरोखर येते. बारीक बारीक कण सुटतात, हवेत उडतात, नाकाले येऊन चिकटतात. म्हणजे तुम्ही जितकं हुंगलं तितकं ते लाकूड कमी झालं."

"मग बिचाऱ्या टेबलाला सोडा की," मी म्हटलं.

त्यांना विनोद कळायचा नाही, किंवा कळून न कळल्यासारखं करायचे. त्यांनी पुढे चालू ठेवलं. झाड काही आपल्यासाठी अत्तर बनवत नाही. त्याला पळता येत नाही. वाळवी आली, बुरशी आली, भुंगा लागला तरी जागच्या जागी उभं राहूनच लढावं लागतं. म्हणून ते तेलं बनवतं, राळ बनवतं, कडू-तुरट काय काय बनवून अंगात भरून ठेवतं. "आपण त्याले सुगंध म्हणतो. वाळवीसाठी ते जहर असते."

एकदा मोकळ्या तासाला मी पेपर तपासत होते. सर समोर बसून खडूनं टेबलावरच एक गोल काढत होते, त्याच्या आत दुसरा गोल. बाहेरचा भाग जिवंत, ते म्हणाले, त्यातून पाणी वाहतं. आतला गाभा मेलेला असतो. वास असतो तो या गाभ्याला. सागाचा घ्या, चंदनाचा घ्या, वरच्या पांढऱ्या लाकडाला काही नाही.

"मेलेल्याला वास आणि जिवंताला नाही?" मी विचारलं.

"हाव. त्या पेशी मरता मरता आपल्याजवळचा सगळा साठा मोडतात, त्याचं औषध करतात अन् तिथंच ठेवून जातात. झाड मंग त्या मेलेल्याच्या भरवशावर उभं राहते."

मी लाल पेन खाली ठेवलं. पुढचे पेपर त्या दिवशी तपासून झाले नाहीत.

याच माणसानं माझ्या लायब्ररीचा मात्र सत्यानाश केला. जुन्या पुस्तकांच्या वासावर मी वर्गात एकदा भरभरून बोलले होते. ते सरांच्या कानावर गेलं. म्हणाले, "कागद म्हणजे लाकूडच नं मॅडम. लाकडाले घट्ट बांधून ठेवणारं जे असते, ते वर्षानुवर्षं मोडत जाते. त्यातून व्हॅनिला आइस्क्रीमचा वास येते. तुमची पोरं कविता नाही हुंगून राह्यली, सडतं लाकूड हुंगून राह्यली." तेव्हापासून जुनं पुस्तक उघडलं की मला आइस्क्रीम आठवतं. याबद्दल मी त्यांना कधीच माफ केलेलं नाही.

आमचं खरं भांडण झालं ते 'दरवळ' या शब्दावरून. भित्तिपत्रकात एका मुलीनं मोगऱ्याच्या दरवळावर लिहिलं होतं आणि मी त्याला पहिलं बक्षीस दिलं होतं. सर भिंतीसमोर उभे राहून ते वाचत होते. मला पाहून म्हणाले, "तुम्ही मराठीवाले लय सोपं करून टाकता. दरवळ म्हणलं की झालं. कशासारखा, ते कोण सांगीन?"

"सर, मला शब्द शिकवू नका," मी फाडकन बोलले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर लाकडाची एक ढलपी होती. सर समोर बसलेले. "सांगा कशासारखा. 'छान' चालणार नाही. 'मंद' चालणार नाही." मी इरेला पेटले. हुंगलं आणि म्हटलं, "नव्या चपलेसारखा." सर खुर्चीतून उठलेच. "साग! बरोब्बर! चामडंच आठवते त्यानं!" एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. मग रोज एक ढलपी येऊ लागली. निंबाला मी 'शिळ्या लसणासारखा' म्हटलं, तेही त्यांना पटलं. बाभळीला काहीच सापडलं नाही, तेव्हा म्हणाले, नाही सापडत तर नाही म्हणा, तेही उत्तरच आहे. केमिस्ट्री न शिकता मी सरांची विद्यार्थिनी झाले ती अशी.

पण हा माणूस गप्पही बसू शकतो, हे मी एकदा पाहिलं. आमच्या क्लार्कचे वडील वारले. देऊळघाटला सगळा स्टाफ गेला. सर देऊळघाटचेच, त्यामुळे ते पुढे होते. चितेवर ठेवायला चंदनाचा तुकडा आणला होता, दुकानातून पुडीत बांधून आणतात तसा. तो हातोहात पुढे जाताना सरांच्या हातात आला. मी बायकांबरोबर लांब उभी होते, पण मला दिसलं. त्यांनी नखानं तुकडा खरवडला, नाकाशी नेला, आणि काही न बोलता क्लार्कच्या हातात दिला.

परतताना जीपमध्ये मी विचारलं. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चंदन नव्हतं. कोणतं तरी पांढरं लाकूड, वरून तेल चोपडलेलं. पण त्या पोरानं बापासाठी आणलं होतं. तिथं बोलून काय फायदा?"

मला त्या दिवशी सर आवडले, हे सांगून टाकते.

सालईच्या फळीची गोष्ट मला वहिनींनी सांगितली. वहिनी म्हणजे सरांच्या बायको, आमच्याच जिल्ह्यातल्या उंद्रीच्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या. त्यांच्या माहेरी लग्नाच्या मांडवात सालईचा, धुपाचा डिंक देणाऱ्या त्या झाडाचा, खांब लागे. घाटातल्या जंगलातून वहिनींच्या वडिलांनी तो स्वतः आणला होता. ताजा तोडलेला, सालीतून डिंक पाझरत असलेला. सर नवरदेव म्हणून पाटावर बसलेले, आणि समोरच हा खांब. लग्न लागेस्तोवर त्यांचं लक्ष भटजींकडे नव्हतंच.

मग जेवणाच्या पंगतीत जावई रुसले. नवरदेवानं रुसायचं, सासऱ्यानं काही तरी कबूल करायचं, मग घास उचलायचा, ही रीतच होती. सासरे घाबरत जवळ आले. घड्याळ म्हणून झालं, सायकल म्हणून झालं, जावई मान हलवून नाही म्हणत राहिले. पंगत खोळंबली, भात थंड झाला. शेवटी सासऱ्यांनी हात जोडले, "जावईबापू, तुमीच सांगा काय पाह्यजे?"

जावयांनी मांडवाकडे बोट दाखवलं. "तो खांब."

"खांब? त्याचं काय करता?"

"हुंगतो."

"काय सांगू ताई," वहिनी पदर तोंडावर धरून मला म्हणाल्या, "माही माय रडाले लागली. म्हणे पोरगी येड्याच्या घरात दिली."

त्या खांबाची सरांनी एक फळी काढून घेतली, एका कडेची साल तशीच ठेवून. ती वहिनींच्या लुगड्यांच्या ट्रंकेत गेली. डांबराच्या गोळ्या त्या घरात कधी आल्या नाहीत. सालईचा वास कसरीला सहन होत नाही, हे सरांचं शास्त्र. वहिनींची तक्रार एवढीच, "लग्नाकार्यात गेली की बाया विचारतात, तुह्या लुगड्याले डिंकाचा वास काऊन येते व?"

दरवर्षी लग्नाच्या तारखेला फळी बाहेर निघायची. फुटलेल्या बीकरची काच घेऊन सर ती हळूहळू खरवडायचे. वरच्या थरातला वास उडून गेलेला असतो, आतला ताजा असतो. खरवडून झालं की फळी ते आधी वहिनींच्या नाकाशी धरायचे. "आधी तू." वहिनी हुंगायच्या आणि दर वेळी तेच म्हणायच्या, "हाये, हाये. ठेवा आता." मग सर हुंगायचे. खाली पडलेला भुसा वहिनी गोळा करून संध्याकाळी धुपाटण्यात टाकायच्या आणि सगळ्या खोल्यांतून फिरवायच्या. एका वर्षी मी योगायोगानं त्या संध्याकाळी गेले होते. धूर दाराबाहेर येऊन माझ्या अंगावर आला आणि मागोमाग वहिनी आल्या, "या ताई, या, आज आमच्या फळीचा वाढदिवस आहे."

फळी वर्षागणिक पातळ होत होती. मी एकदा सरांना म्हटलं, असंच खरवडत राहिलात तर संपेल ती. ते म्हणाले, "संपीनच नं. वास घ्यायचा म्हणजे काही तरी द्या लागते. आमच्या दोघाईपुरती पुरते, हिशोब केला आहे मी."

हिशोब चुकला. करोनाच्या साथीत दोघांनाही ताप आला. दोघं एकाच दिवशी दवाखान्यात गेले आणि सर एकटे परत आले. वहिनींचं तोंड शेवटचं पाहायलाही त्यांना मिळालं नाही. आणि परत आलेल्या सरांना वास येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. पुष्कळांचा आला. सरांचा नाही आला. सकाळी उठून ते हिंगाची डबी, कापूर, लवंगा, रॉकेलचा बोळा असं ओळीनं मांडून बसायचे. एकेक नाकाशी धरायचे आणि बाजूला ठेवायचे. मी भेटायला जायचे तेव्हा म्हणायचे, "पाण्यासारखं आहे मॅडम सगळं." त्यानंतर फळी ट्रंकेबाहेर निघाली नाही. लग्नाची तारीख यायची आणि जायची. मला फार वाईट वाटायचं, पण त्यांच्यासमोर दाखवायची सोय नव्हती. कीव केलेली त्यांना लगेच कळायची.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. घर रिकामं करून ते पुण्याला चालले होते. "उद्या टेम्पो येऊन राह्यला. तुम्ही या. एक काम आहे, ते तुमच्याशिवाय कोणाच्यानं होत नाही."

मी गेले. लेकीनं दार उघडलं. पुण्यात राहून तिची भाषा पार धुऊन निघाली आहे, बोलते अगदी टीव्हीवरच्यासारखी. तिनं मला दारातच थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, बाबा तुम्हाला आईची ती फळी हुंगायला सांगणार आहेत. वास असेल तर नेतो म्हणतात, नसेल तर इथेच सोडून जातो. मी हुंगून 'येतो' म्हटलं, तर म्हणाले, तू खोटं बोलतेस. प्लीज, तुम्ही हो म्हणा. तुमचं ऐकतील. ती फळी इथे राहिली तर ते मनानं इथेच राहतील."

"तुला आला होता का वास?" मी विचारलं.

तिनं खाली पाहिलं.

सर आतल्या खोलीत ट्रंकेवर बसले होते. भिंतीवर फोटोंचे चौकोन तेवढे उरले होते. मांडीवर फळी होती. मी ती इतक्या वर्षांत प्रथमच हातात घेतली. पोळपाटाएवढी लांब असेल, पण पुठ्ठ्यासारखी पातळ, एका कडेला सालीची काळी रेघ.

"तुमाले काऊन बोलावलं ते सांगतो," सर म्हणाले. "पोरगी मले बरं वाटावं म्हणून बोलते. तुम्ही आजपर्यंत मले बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलल्या नाहीत. देऊळघाटले मी गप्प बसलो होतो, ते दुसऱ्याचं होतं. माह्या वेळी तुम्ही गप्प बसू नका. हातानं वारा घेऊ नका, नाक टेकवा."

मी नाक टेकवलं. ट्रंकेच्या पत्र्याचा वास आला, जुन्या सुताचा आला. बाकी काही नाही. मी फळी उलटी केली, सालीपाशी हुंगलं. काही नाही. दारात लेक उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. तिच्याकडे न पाहता मी म्हटलं, "नाही येत, सर."

लेक भिंतीला टेकली. सरांनी फक्त मान हलवली. मग खिशातून काचेचा तुकडा काढला, तोच बीकरचा, आणि सालीच्या कडेनं हलक्या हातानं खरवडू लागले. फळी वाकत होती. मला भीती वाटली की मोडेल. मूठभरही भुसा निघाला नाही. "आता?"

मी पुन्हा हुंगलं. त्या क्षणी मला खोटं बोलायचं होतं. इतकं, की तोंड उघडलं होतं मी.

"नाही," मी म्हटलं.

सरांनी फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हलकं असते ते आधी उडून जाते. ते गेलं. जड आहे ते मागं राह्यलं असंन. पण ते आपल्या मनानं उडत नाही. त्याले आच लागते." आणि लेकीला म्हणाले, "तवा आहे का बाहेर?"

भांडी सगळी बांधून झाली होती. तिनं एका खोक्याची दोरी तोडून तवा काढला आणि गॅसवर ठेवला. सरांनी चिमूटभर भुसा त्यावर टाकला आणि मला पुढे केलं. स्वतः बाजूला उभे राहिले.

आधी पुठ्ठा जळाल्यासारखं झालं. मग धुराची एक बारीक रेघ उठली आणि तिच्यातून तो आला.

"आला," मी म्हणाले. "सर, आला."

"कशासारखा?"

"कैरीच्या चिकासारखा. थांबा. त्यात कापूर आहे थोडा, आणि लिंबाची साल… नाही, लिंबू नाही…" मी शोधत होते. इतक्या वर्षांच्या ढलप्या, इतके शब्द, आणि मला पुढे वहिनीच दिसत होत्या, धुपाटणं हातात घेऊन दारातून बाहेर येणाऱ्या. शब्द जमेनात, नुसते डोळे वाहायला लागले.

सर माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. परीक्षानळीत रंग बदलायची वाट पाहताना पाहायचे, तसे अगदी जवळून.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "समजलं."

तेवढ्यात लेक पुढे आली. तिनं तव्यावर वाकून दीर्घ श्वास घेतला आणि ओढणी तोंडावर धरली.

"हाये बाबा," ती म्हणाली. "हाये. ठेवा आता."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. या वेळी ते तिला खोटं बोलतेस म्हणाले नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, फळी पुसली आणि स्वतःच्या हातातल्या पिशवीत ठेवली.